शेवटचा गडी बाद होईपर्यंत

त्या दुपारी कोणाला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकते.

एमरी टॉलिव्हरला मिळणार होतं त्याचं शेवटचं उरलेलं मैदान. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगची बाकी सगळी मैदानं त्याने पाहून, चाखून, बसून झाली होती. पिट्सबर्ग तेवढं राहिलं होतं. बर्निस नोवोत्नीला, म्हणजे आमच्या बर्नी आत्याला, मिळणार होती घरची आरामखुर्ची. गुडघे दुखतात म्हणून तिने आपलं तिकीट इंटरनेटवर विकून टाकलं होतं. आणि तिची भाची कोरिन? तिला काहीच मिळणार नव्हतं. शेजारी आज पुन्हा आत्या नाही हेसुद्धा तिला खुर्चीपाशी पोचल्यावर कळलं.

शेजारी होता एक उंच, चष्मेवाला माणूस. डोक्यावर सेंट लुईसच्या संघाची लालभडक टोपी. मांडीवर शेंगांची पिशवी.

आम्ही त्यांच्या मागच्याच रांगेत बसतो, वर्षानुवर्षं. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं... आणि ऐकायचं नाही असं आमच्यात कुणी म्हटलंही नव्हतं.

“ही माझ्या आत्याची खुर्ची आहे,” कोरिन म्हणाली.

“होती,” तो तिकीट दाखवत म्हणाला. “आज माझी. शेंगा घ्या.”

“लाल टोपीवाल्यांकडून मी काही घेत नाही.”

“बरोबर आहे. आमच्याकडून तुमचा संघ फक्त हार घेतो.”

आमच्या रांगेतून “ओऽऽ” झालं. कोरिनने वळून आमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि पिशवीत हात घालून चांगल्या मूठभर शेंगा उचलल्या. “दंड,” ती म्हणाली.

मे महिना होता. नदीवरून गार वारा येत होता, पलीकडच्या तीरावरच्या उंच इमारतींवर ढग टेकले होते, आणि पुलावरून माणसं अजून चालत येत होती. एमरी बराच वेळ नुसता पाहत राहिला... मैदान, नदी, पिवळा पूल. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“आवडलं?” कोरिनने विचारलं. तिला काही फरक पडत नाही, असं दाखवायचा प्रयत्न होता. जमला नाही.

“आत्ताच नाही सांगत. माझा नियम आहे. पहिला चेंडू पडल्यापासून शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसायचं, तेव्हाच मैदान पाहिलं असं धरायचं. तेव्हाच नंबर.”

“आणि इतरांचे नंबर?”

ते मात्र त्याच्या जिभेवर होते. सुपरमार्केटांत मोठाले फ्रीझर बसवायचं त्याचं काम. काम नेईल त्या गावाला जायचं आणि तिथलं मैदान गाठायचं. “बॉस्टन,” तो सांगू लागला, “खुर्च्या आपल्या पणजोबांच्या मापाच्या. गुडघे कानाला लागतात. पण तिथली माणसं खेळ असा बघतात, जणू निकाल घरी नेऊन आईला दाखवायचाय. म्हणून वरचा नंबर. शिकागोला भिंतीवर वेली, बघत राहावं अशा... पण बाथरूमची रांग बघितली की वेली विसरतो माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत पाणी आहे, लसणाच्या बटाट्याचा वास आहे, पण भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बेसबॉल? एक नंबर कमी. बाल्टिमोरच्या त्या जुन्या विटांच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन येतं ना—”

“आणि सेंट लुईस?”

“घराला नंबर देतात का कुणी?” तो म्हणाला. “तुम्ही तुमच्या आईला नंबर दिलाय?”

कोरिन हसली. ती सहज हसणारी नव्हे. आम्ही ओळखतो तिला. वडील गेल्यापासून ती प्रत्येक सामन्याला येई, शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसे. बापाची शिकवण होती तशी. संघ हरत असला तरी बसायचं. आणि आमचा संघ, काय सांगावं, बसायची भरपूर संधी देतो.

तिसऱ्या डावात थेंब पडले. चौथ्यात मैदानावरची माणसं भली मोठी ताडपत्री ओढत धावली आणि आम्ही सगळे छपराखाली मागे सरकलो. पाऊस नदीवर पांढरा होऊन पडत होता. एमरी सारखा चष्मा सावरत होता; एक दांडी सैल झाली होती.

“द्या इकडे.”

“काय?”

“चष्मा. मला बघवत नाही.” कोरिन चष्म्याच्या दुकानात काम करते. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याला नखाएवढा स्क्रूड्रायव्हर असतो. तिने काचा आपल्या शर्टाच्या कडेला पुसल्या, स्क्रू पिळला आणि चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर ठेवला. दोन्ही दांड्या सारख्या आहेत ना, ते पाहायला जितका वेळ लागतो, त्याहून... जरा जास्तच लागला.

“आता दिसतंय?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. मैदानाकडे काही तो पाहत नव्हता.

तेवढ्यात पंचांनी सामना रद्द केला. पाच डाव पुरे व्हायच्या आत पावसाने थांबवलेला सामना झालाच नाही असं धरतात. तेच तिकीट घेऊन पुन्हा कधीतरी या.

“म्हणजे मैदान पाहिलं असं होत नाही,” कोरिन म्हणाली.

“नाही होत.”

“परत यावं लागेल.”

“काय करणार...” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

जूनमध्ये तो परत आला. टोपी तीच, शेंगा दुप्पट. बर्नी आत्यासुद्धा आली होती, पण बसली आमच्या रांगेत. “इथे पाय लांब करता येतात,” म्हणाली. आमच्या आणि पुढच्या रांगेत बोटभरही फरक नाही.

त्या दिवशी आकाश निळंशार. एक डाव, दोन डाव, पाच डाव. पाचव्यानंतर पिरोगींची शर्यत झाली. पिरोगी म्हणजे आमच्याकडची बटाटा भरून उकडलेली करंजी, तिच्या आकाराचे माणसाएवढे पोशाख घालून पोरं मैदानाच्या कडेने पळतात. एमरीने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

“पंधरा गुण या पळणाऱ्या करंज्यांचे,” तो म्हणाला.

“फक्त पंधरा? तुला हृदय नाही?”

“होतं. मेमध्ये ओलं झालं. अजून वाळतंय.”

बर्नी आत्याने मला कोपराने ढोसलं. मी तिला ढोसलं.

कोरिन मात्र सारखी आकाशाकडे पाहत होती. हातात धरलेली शेंग तिने किती वेळ फोडलीच नाही. आपल्या संघाचा खेळ रंगात आलेला असताना पाऊस मागणारी पोरगी आम्ही पहिल्यांदा पाहिली.

आठव्या डावात फोन वाजला. कुठल्याशा गावात नवा बसवलेला फ्रीझर बंद पडला होता.

“आईस्क्रीम वितळतंय,” तो म्हणाला. उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. “सगळं दुकानभर.”

“मग जा ना.”

“शेवटचा गडी—”

“नाही बघितलास. म्हणजे मोजलं जाणार नाही,” ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली. तो पायऱ्या चढून दिसेनासा झाला, तेव्हा तिने ती शेंग फोडली. “कुठलं का आईस्क्रीम असेना,” ती आत्याला म्हणाली, “आज माझा त्याला सलाम.”

मग उन्हाळा लांबला. एमरीला काम ॲरिझोनात, मग टेक्सासात. रविवारी दुपारी कोरिनचा फोन वाजे, आणि तो कुठल्यातरी थंड खोलीत उभा राहून बोले. आवाज असा यायचा, जणू विहिरीच्या तळाशी आहे.

“काय चाललंय तिथे?”

“हरतोय.”

“ते नको. मला ऐकव.”

मग ती फोन वर धरायची. हात दुखेपर्यंत धरायची. लाकडावर चेंडू आपटल्याचा आवाज, मैदानातला ऑर्गन, शेंगावाल्याची आरोळी, नदीवरून जाणाऱ्या बोटीचा भोंगा... आम्ही मागची माणसं मुद्दाम मोठ्याने ओरडायचो. तेवढीच मदत.

“शेंगावाल्याचा घसा बसलाय,” तिकडून तो म्हणायचा.

“तुला कळलं?”

“मला त्या खुर्चीवरून सगळं ऐकू येतं.”

ती खुर्ची रिकामीच असायची. कोरिन तिच्यावर काही ठेवत नसे, जाकीटसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी फोन आला नाही. तिने फोन त्या खुर्चीवर ठेवला, चेहरा वर करून, आणि पूर्ण सामनाभर फोनकडे न पाहिल्यासारखं करत फोनच पाहत राहिली. मागून तिची मान दिसते आम्हाला. मान सगळं सांगते.

“सांग की त्याला,” बर्नी आत्या शेवटी पुढे वाकून म्हणाली. “ये म्हण. रहा म्हण. तोंड आहे ना?”

“काय म्हणून सांगू? मैदान बघायला येणारा माणूस आहे तो, आत्या. बघून झालं की संपलं.”

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, मोसमातल्या आमच्या शेवटच्या घरच्या सामन्याला तो आला. नवा कोट घातलेला, दाढी नीट केलेली. नोकरीने त्याला पोर्टलंडला बोलावलं होतं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मोठ्या बेसबॉल लीगचं मैदान नाही.

“मग आज पूर्ण होणार यादी,” कोरिन म्हणाली.

“हो.”

“छान.”

“हं.”

यानंतर दोघांनी एकमेकांना शेंगासुद्धा दिल्या नाहीत. वर एक ढग नव्हता. कुठे फ्रीझर बंद पडेल तर शपथ. डाव भराभर सरत होते. नेमके त्या दिवशी चेंडू टाकणारे पिचर घाईत होते. आम्ही एका धावेने मागे. नववा म्हणजे शेवटचा डाव, तीनपैकी दोन गडी बाद, आमचा एक खेळाडू पहिल्या तळावर. सगळं मैदान उभं राहिलं.

एमरीही उभा राहिला... आणि निघाला.

“ए लाल टोपी!” आमच्या रांगेतला म्हातारा ओरडला. “गाडी काढायची घाई झाली का? एक गडी राहिलाय! बस खाली!”

आमच्याकडे खून माफ होईल, पण गर्दी टाळायला लवकर उठणारा माफ होत नाही. एमरीच्या कानाच्या पाळ्या टोपीसारख्या लाल झाल्या. तो पायऱ्या चढतच राहिला.

“एमरी!” कोरिन उभी राहिली. “एकच गडी राहिलाय!”

वर पोचून तो वळला. “माहितेय!”

“मग निघालास कुठे?”

“बघितला तर संपेल ना!” तो ओरडला. एवढ्या गोंगाटात आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला. “नाही संपवायचं मला! उरू दे एक! त्यासाठी... परत यायला...”

कोरिनने जन्मात शेवटच्या गड्याआधी खुर्ची सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली. शेजाऱ्यांच्या पायांवरून, कुणाच्या बिअरवरून, “सॉरी, सॉरी” म्हणत ती पायऱ्या चढली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, मैदानाकडे पाठ करून.

तेवढ्यात बॅटचा तो आवाज झाला. एकदाच होतो वर्षातून तसा. आम्ही सगळे चेंडूकडे पाहत होतो, फक्त बर्नी आत्या मागे पाहत होती, म्हणून पुढचं तिच्या तोंडचं. एमरीने दचकून मान वर केली, आणि कोरिनने दोन्ही तळवे त्याच्या चष्म्यावर ठेवले. घट्ट.

“बघू नकोस,” ती म्हणाली.

“नाही बघत.”

“परत ये.”

“येतो.”

चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून नदीत जाऊन पडला. दोन धावा झाल्या, आम्ही जिंकलो. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या दोघांनीही मारली होती, पण त्यांचं कारण वेगळं.

हिवाळाभर तो पोर्टलंडला होता. बर्फ पडलं, वितळलं. आमच्या खुर्च्या रिकाम्या, मैदान बंद, आणि ऐकवायला कोरिनकडे काही नव्हतं. म्हणून ती फोनवर पुलाखालचं पाणी ऐकवायची. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला तो आला, दोन मोठ्या बॅगा घेऊन. पिट्सबर्गमध्ये काम शोधलं होतं त्याने. शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसला. आम्ही हरलो.

“चला,” बर्नी आत्या मागून म्हणाली, “पूर्ण पाहिलंस. कितवा नंबर?”

एमरीने नदीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं.

“घराला नंबर देतात का कुणी?” तो म्हणाला.

कोरिनने त्याच्या चष्म्याची दांडी उगीचच सरळ केली.

आता उरला हिशेब. एमरीची यादी पिट्सबर्गच्या नंबरावाचून कायमची अपुरी राहिली, पण त्याचा चेहरा पाहता तो तोटा म्हणता येत नाही. कोरिनचा तो नदीत गेलेला फटका बघायचा हुकला असं सगळं गाव म्हणतं. ती म्हणते, हुकला नाही. तळवे ठेवायच्या आधी तिने तो पाहिला, एमरीच्या चष्म्याच्या काचेत, एक पांढरा ठिपका नदीकडे जाताना.

मग या सगळ्याची किंमत भरली कुणी?

एमरी बसला ती खुर्ची कोरिनच्या बापाच्या खुर्चीला लागून होती. बर्नी आत्या तिच्यावर भावाशेजारी बसून म्हातारी झाली. भाऊ गेल्यावर कोरिन त्याच्या जागेवर बसू लागली, तेव्हाही आत्या तिथेच बसली. मग पोरीच्या शेजारी आत्याशिवाय कुणीतरी बसावं म्हणून तिने त्या खुर्चीची तिकिटं विकायला काढली. आधी घोरणारा एक दंतवैद्य आला, मग फोनवर भांडणारी एक बाई, मग लाल टोपी. आता आत्या आमच्या रांगेत, उन्हात बसते, शेंगांची टरफलं थुंकणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी. मध्येच पुढे वाकून त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते, क्षणभर, आणि काढून घेते.

“गुडघे कसे आहेत, बर्नी?” मी परवा विचारलं.

“कुठले गुडघे?” ती म्हणाली, आणि पायऱ्या दोन-दोन चढत शेंगा आणायला गेली.