आरशाचा खिळा

जिन्यात आम्ही अडकलो. मी डोक्यावर गादी घेऊन खालून वर चालले होते आणि तो हातात स्टोव्ह, काखेत आरसा घेऊन वरून खाली येत होता. जिना इतका अरुंद, की एकाला मागे फिरणं भागच होतं. आणि मागे कुणीच फिरेना.

“तुम्ही खालच्या?” त्याने विचारलं.

“आता वरची,” मी गादीखालून म्हणाले. “तुम्ही वरचे ना?”

“दहा मिनिटांपूर्वीपर्यंत होतो.”

गादीमुळे मला त्याचे पायच तेवढे दिसत होते. पण त्या पायांना मी गेले अकरा महिने ओळखत होते!

त्याचं असं झालं – ९३च्या जूनमध्ये मला कामतघरच्या एका शाळेत नोकरी लागली. बाबांनी मुरबाडहून निघतानाच बजावलं होतं, “महिनाभरात धड खोली मिळाली नाही, तर नोकरी सोडून परत यायचं.” मी दारोदार फिरले. ‘एकटीच? मग नको.’ ‘फॅमिलीलाच देतो.’ ‘भावाला घेऊन या, मग बघू.’ महिना संपायला तीन दिवस उरले असताना मी आक्कांच्या दारात उभी राहिले.

आक्का स्वतः मागच्या खोलीत राहायच्या आणि भाड्याने द्यायला त्यांच्या दोन खोल्या होत्या, एकावर एक. त्यांनी मला ना आडनाव विचारलं, ना लग्नाचं.

“नाव-गाव इचारून काय करू? तारीख ध्यानात ठेव. अकरा म्हैने. मंग खालचा वर, वरचा खाली. यक दिस जास्त न्हाय.”

त्यांच्या नवऱ्याने एकदा एका माणसाला भरवशावर पुढची खोली दिली होती. तो माणूस तिथे कायमचा ठाण मांडून बसला आणि आक्का बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. तेव्हापासून ‘कायमचं’ हा शब्द त्यांना सोसत नसे. अकरा महिन्यांच्या वर एका खोलीत कुणाला ठेवायचं नाही, एवढं त्यांना वकिलाने शिकवलं होतं.

“आनि आयक गो,” त्यांनी दोन बोटं वर केली. “भिंतीला आरशाचा यकच खिळा. दुसरा दिसला तर ट्रंक बाहेर. वरच्या-खालच्याचं गुलूगुलू दिसलं, तर दोघांच्या ट्रंका बाहेर. लोकं मलाच नावं ठेवतील.”

मी सगळ्याला हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी एका पायावर उभं राहा म्हटलं असतं, तरी राहिले असते.

वरचा भाडेकरू दापोड्याच्या गोदामात रात्रपाळीला होता, म्हणून तो कधी दिसायचाच नाही. आजूबाजूला कापडाच्या लूम होत्या, त्यांच्या खटखटीत त्याचा आवाजही यायचा नाही. फक्त शुक्रवारी लूम बंद असत. मग डोक्यावर पावलं ऐकू यायची. चार पावलं खिडकीकडे, चार पावलं परत. हा माणूस खिडकीत जातो तरी कशाला? अकरा महिने मी दर शुक्रवारी छताकडे बघत बसले.

आणि आता ते पाय माझ्यासमोर जिन्यात उभे होते.

“मी फिरतो मागे,” ते पाय म्हणाले. “तुमच्या डोक्यावर ओझं आहे.”

वर पोचल्यावर मी गादी टाकली आणि तो पहिल्यांदा अख्खा दिसला. उंच, झोपाळू डोळ्यांचा, आणि उगाचच हसणारा. नाव चांगदेव. “मी तुळजा,” एवढंच म्हणाले, तेवढ्यात खालून आक्का खाकरल्या.

त्याची खोली आता माझी झाली आणि मी तिथे चोरासारखी सगळं बघत सुटले. फरशीवर कोळशाने एक गोल काढलेला, शेजारी लिहिलेलं – ‘पावसाळ्यात इथे तपेली ठेवा.’ खिडकीची कडी हिरव्या सुताने बांधलेली. बाहेर कट्ट्यावर एक वाटी. आणि आरशाचा खिळा एवढा उंच, की त्यावर आरसा टांगल्यावर मला नुसतं छप्पर दिसलं.

जूनपासून माझी शाळा सकाळची झाली. पावणेसातला तो ड्युटीवरून परतायचा आणि मी शाळेत निघायचे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी आमची गाठ पडायची. जेमतेम तीन मिनिटं.

“खिडकीतली वाटी कुणासाठी?” पहिल्याच दिवशी मी विचारलं.

“एक कावळा येतो, लंगडा. पाणी ठेवता ना?”

“ठेवते. आणि हिरवं सूत?”

“कडी तुटलीय. आक्कांना सांगितलं तर म्हणतील, तूच तोडली.” तो थांबला. “मीही एक विचारू? तुमचा आरशाचा खिळा… तुमची उंची किती हो?”

“का?”

“मला त्यात फक्त शर्टाची बटणं दिसतात. गुडघ्यांवर बसून दाढी करावी लागते.”

“मी ट्रंकेवर चढून भांग पाडते, त्याचं काय?”

“मग… खिळे हलवू या?”

“आणि आक्का?”

“राहू द्या,” तो घाईने म्हणाला. “माझे गुडघे मजबूत आहेत.”

मी हसतच शाळेत गेले. फळ्यावर तारीख चुकीची लिहिली, ती पोरांनी दाखवून दिली.

असे दिवस गेले. पावसाळा आला, त्या गोलावर मी तपेली ठेवली. थेंब बरोब्बर मधोमध पडला तेव्हा मला उगीचच आनंद झाला.

एक दिवस चहा हातात तसाच धरून त्याने विचारलं, “दाराच्या मागे पेन्सिलीने ‘घाबरायचं नाही’ असं लिहिलंय. तुम्हीच ना?”

माझे कान गरम झाले. “पालींसाठी लिहिलं होतं.”

“खरं सांगा.”

“…सगळ्यासाठीच. पहिल्यांदा एकटी राहत होते.”

“मी रोज वाचतो. बरं वाटतं.”

“तुम्हाला कसली भीती?”

“आहे एक… सांगेन कधीतरी.” ग्लास ठेवून तो निघूनच गेला.

मला तो आवडायला लागला होता. सरळच सांगायचं तर फार आवडायला लागला होता. पण आक्कांना कळलं की खोली जाणार, खोली गेली की नोकरी, आणि मग मी परत मुरबाडला. हे सगळं तीन मिनिटांच्या चहापायी? दोन दिवस मी टपरीवर न थांबता पुढे गेले. तिसऱ्या दिवशी थांबले. तो म्हणाला, “चहा गार झाला, दोन दिवसांपूर्वीच.”

एप्रिल उजाडला, मुदत संपत आली. शुक्रवारी खोल्या बदलायच्या होत्या.

“उद्यापासून तुम्ही तुमच्या आरशासमोर,” गुरुवारी तो म्हणाला.

“तुम्ही तुमच्या. सुटलात की.”

“सुटलो…” सुटल्याचा आनंद मात्र त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. माझ्याही नसावा.

त्या दुपारी शाळेतून आले. लूमची खटखट ऐन भरात होती. मी वरवंटा घेतला आणि वरच्या खोलीत, त्याच्या खिळ्याखाली, माझ्या उंचीवर एक खिळा ठोकला. जी खोली उद्या सोडायची, तिथे! काय करून बसले ते ठोकून झाल्यावर कळलं. उपटायला गेले, तर निघेना.

शुक्रवारी पुन्हा जिना, पुन्हा गादी. मी खालच्या खोलीत शिरले, आरसा टांगायला भिंतीपाशी गेले आणि थबकले. माझ्या खिळ्याच्या वर, दीडेक वितीवर, दुसरा खिळा होता. कोरा. खाली फरशीवर चुन्याचा भुगा पडला होता. आज तोही ही खोली सोडत होता… मग स्वतःच्या उंचीवर खिळा कुणासाठी?

मी दार लोटून मागे बघितलं. ‘घाबरायचं नाही.’ त्याच्याखाली त्याच्या अक्षरात – ‘बरं.’

तेवढ्यात वरून आक्कांचा आवाज आला. खोली तपासायला त्या वर गेल्या होत्या. शुक्रवार असल्याने शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

“ह्यो दुसरा खिळा कुनी ठोकला रं?”

मग चांगदेव म्हणाला, “मी.”

“तू? एवढ्या खाली? आरशात बटनं बगतंस काय? उचल ट्रंक.”

“उचलतो.”

मी गप्प बसले असते, तर माझी खोली, नोकरी, सगळं शाबूत राहिलं असतं. पण जिना मी कधी चढले ते कळलंच नाही.

“आक्का, तो खिळा माझा आहे. मी ठोकला. खालीही एक जास्तीचा आहे, तो ह्यांनी ठोकलाय. ट्रंका काढायच्या तर दोन्ही काढा.”

आक्का चांगदेवच्या ट्रंकेवर बसल्या. एकदा खिळ्याकडे, एकदा त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघून झालं.

“किती दिस चाललंय ह्ये?”

“अकरा महिने,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

“अकरा म्हैने जाले?” आक्कांनी पदराने तोंड पुसलं, की हसू लपवलं, कोण जाणे. “मंग मुदत भरली की. आता यक तर सोडा, न्हायतर कायमचं करा.”

आक्कांच्या तोंडून तो शब्द! मला रडूच आलं. चांगदेव हळूच म्हणाला, “ती भीती विचारली होतीत ना… हीच होती. तारीख येईल, तुम्ही खाली जाल, आणि पुढच्या खेपेला जिन्यात दुसरंच कुणी भेटेल.”

“मी कुठे जात नाही,” मी म्हणाले. “…फार तर खाली.”

“आदी लगीन,” आक्का उठत म्हणाल्या. “मंग वरची खोली दोघांना. खिळे हायेतच दोन. पन अकरा म्हैनेच हां!”

बाबांना पटवायला चार महिने लागले. दुसऱ्या खोलीतले भाडेकरू येत-जात राहिले आणि आक्कांचा नियम काही बदलला नाही. म्हणून वर माझं सासर आहे आणि खाली माहेर. दर बावीस महिन्यांनी मी बारा पायऱ्या उतरून माहेरी राहायला जाते. आरसा माझ्या काखेत असतो, आणि गादी नवऱ्याच्या डोक्यावर.