वळणावरचा पांढरा उजेड

"आली! डोळे मिटू नका, नंबर वाचा!" फौजदार ओरडली.

संध्याकाळचे सात वाजले होते. वळणावरच्या कठड्याआड तिघं दबा धरून बसली होती. फौजदार म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून घरात हे नाव पडलेलं. तिच्या शेजारी मावशीचा मुलगा वकील. सुट्टीला आला होता आणि 'पण' म्हटल्याशिवाय कशालाच हो म्हणत नसे. टोकाला तिचा आठ वर्षांचा भाऊ टिंगू, हातात वही आणि कानावर पेन्सिल.

गाडी निघून गेली. साधे, पिवळट दिवे. ही नव्हे!

"आज बुधवार, इथला दुसरा दिवस आपला," वकील कुरकुरला. "पण मी म्हणतो, असा उजेड मुळात असेल तर ना!"

फौजदारने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने जीभ चावली.

सगळं जग तेच तर म्हणत होतं! सोमवारी संध्याकाळी याच वळणावर फौजदारच्या बाबांची बस रस्ता सोडून चरात गेली होती. एका आजीबाईंचा हात मुरगळला, बाकी सगळे बचावले. बाबा एकच सांगत होते, "समोरून पांढराशुभ्र उजेड आला आणि मला रस्ताच दिसेना." कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता, प्रवासी पेंगत होते. उजेड पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. डेपोच्या साहेबांनी मनात ठरवूनही टाकलं, की ड्रायव्हरची नजर गेली. आता शुक्रवारी चौकशी होती. तिथे काही दाखवता आलं नाही, तर बावीस वर्षं धरलेलं स्टिअरिंग सुटणार होतं.

बाबा दिवसभर खुर्चीत बसून राहत. समोरचा चहा गार होई. आई जवळ गेली की म्हणत, "मी काय करू, तूच सांग." फौजदारला फार रडू येई, पण रडून तरी काय होणार?

"दुसरी आली!" टिंगू किंचाळला.

बाप रे! उजेड कसला, डोळ्यांत मूठभर चुना फेकल्यासारखं झालं! तिघांनी तोंडावर हात घेतले. वकील मागच्या मागे गवतात उताणा पडला. नंबर वाचणार कोण, कपाळ! गाडी पुढे जाऊन थांबली आणि खिडकीतून एक हसरं डोकं बाहेर आलं.

"काय रे माकडांनो, इथे काय करताय? चला, घरी सोडतो!"

मामा! त्यांचा स्वतःचा, सख्खा मामा!

तिघं मुकाट्याने मागच्या सीटवर बसली. मामा म्हणजे घरातला हौशी कारागीर. रविवारी अंगणात बॉनेट उघडून त्याने गाडीला नवे, झगझगीत बल्ब बसवले होते. टिंगूने बॅटरी धरली होती, वकिलाने पाना दिला होता आणि फौजदारने टाळ्या वाजवल्या होत्या.

"काय दिवे आहेत म्हणून सांगू!" मामा खुशीत होता. "समोरचे सगळे दिव्यांची उघडझाप करून शाबासकी देतात. सोमवारी इथेच एका बसवाल्याने तर चार वेळा केली! मीही भोंगा वाजवून आभार मानले."

वकिलाने आयुष्यात पहिल्यांदा 'पण' म्हटलं नाही.

"मामा," फौजदारने कसंबसं तोंड उघडलं, "तो बसवाला बाबा होते. तुझ्या दिव्यांमुळेच त्यांना दिसलं नाही."

"छट्! मी डिपरवरच होतो. डिपरचा उजेड खाली रस्त्यावर पडतो, वेडाबाई! ज्याच्यामुळे बस चरात गेली, तो मला सापडू दे नुसता. तंगडी मोडतो!"

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आईचा चेहराच उतरला. "मामावर आळ घेतेस? तो रोज येऊन बाबांना धीर देतो. गप्प बैस!" बाबांना सांगायची तर हिंमतच होईना. मोठ्यांचं चुकलं की मुलांनी जायचं कुठे? फौजदार अंथरुणात कूस बदलत राहिली. उत्तर माहीत होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिघं मामीकडे गेली. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"माझं तरी कुठे ऐकतो? मागच्या महिन्यात स्वतः नळ दुरुस्त केला. तेव्हापासून आम्ही शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातो! सांगा, काय करायचं?"

"मामाला फक्त समोरून आणायचं," फौजदार म्हणाली. "तो नेहमी दिव्यांच्या मागेच असतो ना!"

दिवेलागणीला मामीने मामाला सायकलवर पाव आणायला पिटाळलं. मग गाडी फाटकात रस्त्याकडे तोंड करून उभी केली. तिघं मागे दडली. दूरवर सायकलची घंटी वाजली.

"आता!"

मामीने दिवे लावले.

"अरे, अरे! बंद करा! कोण मूर्ख आहे तो? मला काही दिसत ना..." धप्प! सायकल कुंपणात, मामा कुंपणात, पाव रस्त्यावर!

"मामा, डिपरवरच आहे हं!" वकील ओरडला. "हवं तर येऊन बघ!"

मामा उठला. एक हात डोळ्यांवर धरून, अडखळत गाडीपर्यंत आला. आत वाकून त्याने बटण पाहिलं. खरंच, डिपर!

"रविवारी हे बसत नव्हते," टिंगू हळूच म्हणाला. "मग तू कानशीने घासलेस ना?"

मामाने दिवे विझवून बॉनेट उघडलं आणि दोन्ही बल्ब बाहेर काढले. बल्बच्या कड्याला तीन कान असतात. ते खाचांत अडकले म्हणजे बल्ब सरळ बसतो. इथे मामासाहेबांनी कानच घासून टाकले होते! खाचांत अडकायला काही उरलं नव्हतं. बल्ब फिरले आणि सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला.

मामा तसाच बल्ब घेऊन बाबांच्या दारात गेला. त्याने नुसते ते तळहातावर धरले आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बाबांनी त्याला पाणी दिलं.

शुक्रवारी चौकशीला मामाने सगळं कबूल केलं. साहेबांना पटेना. मग बल्ब पुन्हा तसेच बसवून गाडी डेपोच्या अंधाऱ्या शेडमध्ये नेली आणि फौजदारने साहेबांना समोर उभं केलं. "साहेब, इकडे या! हां, आता पुढे चाला!" मामाने दिवे लावले. साहेब दोन पावलं चालले आणि टायरच्या ढिगावर आदळले.

"शाबास पोरांनो!" चष्मा पुसत ते म्हणाले. "आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत! ड्रायव्हरसाहेब, उद्यापासून गाडीवर या." आणि मामाकडे वळून म्हणाले, "तुम्ही मात्र आधी गॅरेजमध्ये जा!"

कंडक्टर, मेकॅनिक, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिंगूला कुणीतरी खांद्यावर घेतलं. बाबा तेवढे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

"बाबा, आता तरी हसा ना!" फौजदार त्यांच्याशेजारी बसली.

"बुधवारी मी ठरवलं होतं," बाबा म्हणाले, "की साहेबांना सांगून टाकायचं, उजेडबिजेड काही नव्हता. इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलं, की माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. तू कशी गं गेलीस शोधायला?"

फौजदारला प्रश्नच कळला नाही.

"तुम्ही म्हणालात ना, उजेड होता म्हणून!"

बाबांनी तोंड फिरवलं. बावीस वर्षं ज्या डेपोत कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तिथे ते सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. फौजदारने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.