बॅटरी पिणारा कोणीतरी

"कोनतरी, कोनतरी, कोनतरी! त्या कोनतरीले काही नाव शे का नही?"

रंजिताची खाट पत्र्याच्या भिंतीला अगदी खेटून होती. त्यामुळे काकूचं हे पुटपुटणं तिला भल्या सकाळी उशीतच कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं. भिंतीपलीकडे शीलाकाकू चुलीत फुंकर घालत होती. एक फुंकर, एक कोनतरी. चूल काही पेटत नव्हती आणि काकू तर केव्हाची पेटली होती.

"ताई, ऊठ ना!" धाकट्या लखननं रंजिताची चादर ओढली. "राख बघायला चल! चोराचा पाय नक्की उमटला असणार!"

रंजिता उठली. आज ऊन कललं की हेमकांतकाका मोटारसायकल काढणार होते. खाली गावात जाऊन थेट पोलीस पाटलांना घेऊन येणार होते. आणि ते आले की त्या कोणीतरीला नाव मिळणार होतं. कोणतं नाव, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ओठावर कोणीच आणत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. रंजिता आणि लखन रनाळ्याचे. सुट्टी लागली तसे दोघं काकांकडे आले. काकांनी साखर कारखान्यातली स्टोअरची नोकरी सोडली होती आणि शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या जुन्या बरड शेतात पत्र्याचं घर बांधलं होतं. "आता लाइटचा खांब नको, नळ नको, कोणाच्या तोंडाकडे बघणं नको! आपलं सगळं आपण!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सोलरची पॅनलं, बॅटऱ्यांची खोली, पावसाचं पाणी धरायची टाकी, हातानं पीळ देऊन वाजणारा रेडिओ, सगळं आणलं होतं. दाराशी खुंटीवर एक 'संकट-पिशवी' टांगलेली असे. तिच्यात शिट्टी, टॉर्च, मलमपट्टी, दोरी आणि शेंगदाण्याची चिक्की. म्हणजे चिक्की सुरुवातीला होती. लखन आल्यावर तिच्यावरच संकट आलं.

सगळं कसं झकास होतं, फक्त एक भानगड होती. बॅटरी दिवेलागणीलाच मान टाकायची. पंखा बंद, फ्रिज बंद, दुधाचं दही.

"होळीला बसवली तेव्हा रात्रभर चालायची!" काका येरझाऱ्या घालत म्हणायचे. एका जागी बसणं त्यांना जमतच नव्हतं. "कोणीतरी वायर टाकून लाइट पितंय! पाड्यावर एवढे मोबाईल चार्ज कुठून होतात?"

पाडा म्हणजे बांधापलीकडची चार घरं. पहिलंच घर रेवजींचं. रेवजी गेल्या आठवड्यात टिकाव परत ठेवायला आले होते आणि बॅटरीच्या खोलीपाशी जरा थांबले होते, एवढंच काकांनी पाहिलं होतं. रेवजींची मुलगी रिना रंजिताच्याच वयाची, आश्रमशाळेत शिकणारी, झाडावर सरसर चढणारी. दोघींची आल्या दिवशीच गट्टी जमली होती. पण काकांचं ते 'कोणीतरी' एकदा तिच्या कानावर पडलं, हातातला पाण्याचा पेला तिनं तसाच खाली ठेवला आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती बांधाच्या अलीकडे पाऊल टाकत नव्हती. रंजितानं हाक मारली तर पलीकडूनच बोलायची.

म्हणून तर काल संध्याकाळी ही राख!

"गुप्तहेर लोक पावडर टाकतात," लखननं सुचवलं होतं. "काकूकडे आहे, गुलाबाची."

"तिच्या डब्याला हात लावून बघ, मग तुझाच शोध घ्यावा लागेल!"

शेवटी चुलीतली राख चाळून बॅटरीच्या खोलीभोवती पसरली होती. आता दोघं वाकून वाकून बघू लागले.

"ताई! हा बघ पाय! केवढा मोठा!"

"अंगठ्यापाशी चप्पल तुटलेली आहे..." रंजिता म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या काकांच्या चपलेकडे.

"आणि हा दुसरा चोर. तीन बोटांचा."

"कोंबडी आहे ती, वेड्या!"

म्हणजे कोणीही आलं नव्हतं! काका आणि कोंबडी सोडून! रंजिता धावतच काकांकडे गेली. काका खोलीतल्या मीटरवरचा, पॅनलांतून येणाऱ्या विजेचा आकडा मोठ्यानं वाचत होते. "हे बघ, सकाळी कसा वर चढतोय! आणि संध्याकाळी बॅटरी रिकामी! राखेचं काय सांगतेस? चोर काय चालत येतो? वायर लांबूनही टाकता येते!"

"पण काका, वायर दिसली का कुठे?"

"ती दिसली असती तर चोर कसला!"

काकू तव्यावर भाकरी टाकत एवढंच म्हणाली, "बठा ना जरासा. पाय दुखतीन." पण काका बसले नाहीत.

दुपारी जेवणं झाली. काका आत घोरू लागले. तेवढाच वेळ ते स्थिर असत. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. रंजिता दाराशी बसून मोटारसायकलकडे बघत होती. चाकातली हवा सोडावी का? किल्ली लपवावी? पण त्यानं दिवस पुढे जाईल, रिनाच्या वडिलांवरचा आळ कसा जाईल?

अंगणात लखनची वेगळीच कसरत चालली होती. बांधावरच्या मोठ्या झाडाखाली त्यानं खाट टाकली होती. ऊन अंगावर आलं की उठायचं, खाट सावलीत ओढायची, पुन्हा आडवं व्हायचं. कर्रर्र... थोड्या वेळानं पुन्हा कर्रर्र.

ठण्ण!

"काय आपटलंस रे?"

"मी नाही, खाट! पॅनलच्या लोखंडाला लागली. आता कुठं जाऊ? पुढं जागाच नाही! सावली पॅनलवर चढली ना!"

"झोप मग तिथेच..." रंजिता म्हणाली, आणि एकदम ताठ उभी राहिली. "काय म्हणालास? सावली कुठे चढली?"

ती अनवाणीच धावली. पाय भाजले तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ओळीतल्या टोकाच्या पॅनलवर झाडाची गर्द सावली बसली होती आणि दुसऱ्याच्या कडेला हात लावत होती!

"लखन, खोलीत पळ! मीटर बघ!"

"ताई! आकडा सकाळच्या निम्म्यावरसुद्धा नाही!" आतून आरोळी आली.

"रिना! ए रिना! लवकर ये!"

रिना बांधाच्या पलीकडे येऊन थांबली. रंजितानं धापा टाकत विचारलं, "हे झाड होळीला कसं होतं?"

"हा मोह? होळीला त्याला पान नसतं. उघडाच असतो. मग फुलं येतात, आम्ही वेचली ना टोपल्या भरून. मग नवी पानं."

"काका तर म्हणाले होते, झाड वाळलेलं आहे म्हणून त्याच्या शेजारी पॅनलं लावली!"

"मोह वाळलेला?" रिना इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "मला विचारायचं ना!"

कोडं तिथेच सुटलं. होळीच्या आठवड्यात पॅनलं बसवून, चार रात्री राहून काका-काकू सामान आवरायला शहाद्याला परत गेले होते, ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करूनच इथे राहायला आले. मधल्या दिवसांत मोह फुलला, झडला, पालवला. यांनी पाहिलं ते एकदम हिरवंगार झाड, आणि काकांनी तर झाडाकडे पाहिलंच नाही. ते चोराकडे बघत होते! काकूच्या मोबाईलमध्ये पॅनलच्या पूजेचा फोटो होता. नारळ, हळदकुंकू, काकांचा नवा शर्ट आणि मागे काड्याच काड्या झालेला मोह.

"आता काकांना उठवू या!" लखन नाचू लागला.

"नुसतं सांगून ऐकतील का? म्हणतील, चोर सावलीतून येतो!" रंजिताचे डोळे चमकले. "रिना, तुझ्या वडिलांना बोलाव. सांग, मी बोलावलंय. चोर पकडायला!"

रिनाचं हसू मावळलं. पण ती गेली.

इकडे रंजितानं काकांच्या कानाशी तोंड नेलं. "काका, उठा! चोर आलाय!"

काका काठी घेऊन तीरासारखे बाहेर आले. "कुठंय? कुठंय?"

"श्श! टाकीमागे दबून बसा. रोज याच वेळेला येतो."

काका दबून बसले. त्यांचा गुडघा मात्र सारखा हलत होता. तेवढ्यात बांधावर रेवजी आले, रिनासह. काकांनी मान उंच केली, काठी घट्ट धरली आणि रंजिताकडे असं पाहिलं की, बघ, मी म्हणत नव्हतो?

"ते नाहीत," रंजिता शांतपणे म्हणाली. "चोर पुढे सरकतोय. दुसरं पॅनल गिळलं त्यानं. लखन, आकडा!"

"आणखी पडला!"

"अरे पण आहे कुठे तो?" काका ओरडले.

"तुमच्या पायावर, काका!"

काकांनी खाली पाहिलं. पायांवर मोहाची सावली होती. ती टाकीवरून, खाटेवरून थेट पॅनलांपर्यंत पसरली होती. काकूनं मोबाईलमधला फोटो त्यांच्यापुढे धरला. काकांनी फोटो पाहिला, झाड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आयला!" एवढंच ते म्हणाले. मग लगेच, जरा जास्तच मोठ्यानं, "कुऱ्हाड आण रे लखन! हे झाडच तोडून टाकतो!"

कोणी हललं नाही. रिनाचा हात नकळत बुंध्यावर गेला होता.

"काका," रंजिता म्हणाली, "झाडाला पाय नाहीत. पॅनलला आहेत. चार-चार!"

काकू फस्सकन हसली. आणि काय सांगावं, रेवजी बांधावरून खाली उतरले, लोखंडी सांगाड्याला त्यांनी खांदा दिला आणि म्हणाले, "तिकडे नेऊ, विहिरीच्या बाजूला. तिथे दिवसभर ऊन असतं. उचला, भाऊ."

सगळ्यांनी उचललं. घामानं निथळत, "सांभाळ, वायर!", "लखन, मधे नको!" असं ओरडत पॅनलं विहिरीपाशी गेली. लखन मीटरपाशी धावला. "चढला! आकडा चढला! सकाळपेक्षाही वर!"

"शाब्बास, पोरी!" काकांनी रंजिताची पाठ थोपटली. "पोलीस पाटलांना जे जमलं नसतं, ते तू केलंस!"

"राखेची आयडिया माझी होती," लखन म्हणाला.

"आन चिक्कीबी तुन्हीच ना?" काकूनं त्याचा कान धरला. "हुशार शेतस पोरं. माले तर आठ दिवसांत सुचलं नही."

काकूनं सगळ्यांना पाणी दिलं. रेवजींनी घेतलं. रिना मात्र अजून बांधावरच उभी होती. तिच्यासाठी भरलेला पेला काकूच्या हातात तसाच राहिला.

"चला, झालं एकदाचं!" काका हात झटकत म्हणाले. पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या. "उगाच कोणाचा तरी काहीतरी गैरसमज..."

"कोणाचा, काका?" रंजितानं विचारलं.

काका थांबले. काकूनं चुलीकडे जाता जाता पाय रोखला. मोटारसायकलची किल्ली काकांच्या खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढली, थोडा वेळ बोटांत फिरवली आणि संकट-पिशवीत टाकून दिली. मग ते खाटेवर बसले. रेवजींच्या शेजारी, अगदी स्वस्थ, पहिल्यांदाच.

"रेवजीभाऊ," ते म्हणाले, "तो कोणीतरी म्हणजे तुम्ही होतात. नाव घ्यायची हिंमत नव्हती माझी, पण मनात तुमचंच नाव होतं. मी चुकलो."