दुसऱ्या कडव्यातला बेस

"चष्म्याच्या काड्या एवढ्या फाकल्या कशानं? यावर झोपता की काय?"

चष्मेवाल्यानं हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारलं, की तिला हसूच फुटलं.

"हेडफोननं. रोज तीन-तीन तास डोक्यावर असतो."

"एवढी गाणी ऐकता?"

"ऐकत नाही... करते. घरीच, कॉम्प्युटरवर."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "मी बेस गिटार वाजवतो," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. काड्या नीट करायचे पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत.

तिनं बोलावलं, आणि पुढच्याच रविवारी दुकान बंद करून तो गिटार घेऊन तिच्या घरी हजर! आतल्या खोलीत खिडकीला गादी टेकवून तिनं आपला स्टुडिओ थाटला होता. तिचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता. तो हेडफोनवर ते गाणं ऐकायचा, डोळे मिटायचा आणि वाजवायचा. एकच गाणं, पण तीन रविवारी तीनदा वाजवलं, कारण त्याचं समाधान म्हणून होत नव्हतं. तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण बोलणं? विचारलं तेवढंच.

"हा मुलगा बोलतो का गं, की नुसत्या काचा पुसतो?" आई विचारायची.

ती काय सांगणार! ती त्याच्या प्रेमात पडली होती, अगदी पार. आणि त्याच्या मनाचा थांगपत्ता नव्हता.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. आकडा ठरलेल्या मर्यादेत बसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. घरातले डबेसुद्धा तिनं उंचीप्रमाणे लावलेले. अशा बाईला त्याचा बेस, गिटारचा तो खर्जातला आवाज, कसा पटावा? एक सूर दणदणीत, तर दुसरा शोधावा लागे. तिनं त्यावर कॉम्प्युटरमधला कॉम्प्रेसर लावला. सूर मोठा झाला की कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मग सगळेच सूर सारखे मोठे करता येतात. बेसला तो थोडासा हवाच, मिठासारखा. हिनं मुठीनं घातला. सगळे सूर कसे एका उंचीचे झाले! मोठ्या कौतुकानं तिनं त्याला ऐकवलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन हळूच खाली ठेवला.

"छान आहे. पण... हे मी वाजवलेलं नाही."

"अरे, तुझंच आहे! फक्त सारखं केलंय."

"हो ना," तो म्हणाला आणि गिटार पिशवीत घालू लागला.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर, "जरा कामात आहे." तिला आधी राग आला, मग रडू आलं. हा माणूस आता कायमचा गेला, या विचारानं तिला लॅबमध्ये काम सुचेना.

तिसऱ्या रविवारी सकाळी तिनं कॉम्प्रेसर बंद केला आणि त्याचा बेस जसाच्या तसा ऐकला. पहिल्यांदाच, खरं तर. तिचा आवाज हलका झाला, की त्याचा बेस हलका व्हायचा. दुसऱ्या कडव्यात एका ओळीवर तिचा आवाज जरा कापला होता, तिथे तो जवळजवळ थांबलाच होता. आणि तिनं श्वास घेतला, तिथे मात्र एकच सूर... भरघोस.

योगायोग असेल, म्हणून तिनं आधीची दोन रेकॉर्डिंग उघडली. तिथेही तेच, त्याच जागी. तीन नमुन्यांत एकच निकाल आला, तर लॅबमध्ये त्याला योगायोग म्हणत नाहीत.

तिनं कॉम्प्रेसर पुन्हा लावला, पण अगदी बेतानं. तारेवरच्या बोटाचा पहिला ठोका सुटून जाईल आणि मगच त्याची पकड बसेल, असा. ते झाल्यावर लॅपटॉप काखेत मारून तिनं तडक त्याचं दुकान गाठलं.

तो एका आजींना फ्रेम दाखवत होता. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. दुसरं कडवं सुरू झालं तसा त्याचा चेहरा बदलला.

"इथे एवढं हळू का वाजवलंस?" तिनं विचारलं.

"तू गात होतीस."

"आणि इथे? मी श्वास घेतला तिथे?"

"तुला... आधार म्हणून."

"तीनही वेळा?"

तो खाली बघायला लागला.

"ऐक," ती म्हणाली, "माझं चुकलं. मी सगळं सपाट करून टाकलं. तू मला आवडतोस, फार आवडतोस. आता तुझं काय ते तोंडानं सांग. गिटार नको."

हेडफोन कानांवर असलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे, ते कळत नाही.

"मलाही तू आवडतेस!" तो ओरडलाच.

आजींनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "मला म्हणालास का रे बाळा?"

"नाही आजी," तो म्हणाला, आणि या वेळी लाल झाला तरी त्यानं मान खाली घातली नाही. "हिला."