थरथरत्या अक्षरांचं पत्र

अर्धा कप चहा. मिंगेलना भरलेला कप कुणी देत नसे.

पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. त्यावर शाईची उघडी दौत, टाक आणि एक इंग्रजी पत्र.

विहिरीत मिंगेल.

गुरुवार, मे १९८४, मालवण. दुपारचे दोन. मिंगेलच्या घरी, खाजगी तपास करणाऱ्या सुगंधा वायंगणकरांसमोर त्यांची मुलगी पिएदाद बसली होती. बाजूला सुगंधाबाईंचे मदतनीस सदानंद मास्तर.

"फादर म्हणतत, बाबांनी जीव दिलो असलो तर आज चार वाजता आईच्या बाजूक माती गावूची नाय. बाबा असां करूचे नाय, बाई! दोन रात्री मी आतून कडी घालून बसलंय. घरात दुसरो फक्त आग्नेल, माझो चुलतभाव."

मास्तरांनी पत्र मराठी करत वाचलं. "'माझे हात तीन वर्षं जिटरी आहेत. आता जगवत नाही.' अक्षर बघा, किती हललंय! खरंच आहे हे."

"जिटरी म्हणजे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी शब्दकोश चाळला. "धास्तावलेला. भीतीनं थरथरणारा."

पिएदाद म्हणाली, "मी एकदा तो शब्द वापरलंय, तर बाबा केवढे कावले! बोटीवर स्टुअर्ड होते, इंग्लिश पक्कां. 'हात दुखण्यान हलतत. मी कोणाक भियत नाय,' म्हणाले."

"टेबलक्लॉथ कधी घातला?"

"मंगळवारी दुपारी. मगे चर्चात गेलंय. येऊन बघतंय तर ह्यां."

त्या संध्याकाळी मिंगेलना दोघेच भेटले होते.

औषध देणारा शंकर कंपाउंडर म्हणाला, "जिटरी? माका खंय इंग्लिश येता! आमी कंपवात म्हणतो."

आग्नेल पूर्वी गोव्यात हॉटेलात वेटर होता. मिंगेल माडाच्या बागेच्या कागदावर सही देत नव्हते, म्हणून चिडलेला. तो हसला. "जिटरी? हात थरथरणां. अंकलाचे थरथरत, तसां. मास्तर, शाळेत ह्यां शिकवणत नाय?"

साडेतीनला फादर आणि हवालदार आले. आग्नेल दार अडवून उभा होता. पिएदाद भिंतीला टेकली.

सुगंधाबाई म्हणाल्या, "ज्यांना अर्धा कप द्यावा लागे, त्यांनी दौतीत टाक बुडवून पानभर लिहिलं. टेबलक्लॉथवर शाईचा एक ठिपका नाही. मास्तर, अक्षर हललंय, हात हललेला नाही."

"अरे देवा," मास्तर पुटपुटले.

"आणि मिंगेलनी स्वतःला जिटरी म्हटलंच नसतं. त्यांच्या लेखी ते भित्रेपण होतं. तो शब्द दुखण्याच्या थरथरीला अजूनही लावणारा या घरात एकच आहे. मघाशी त्यानंच मला अर्थ सांगितला."

आग्नेल वळला. हवालदाराने त्याचं मनगट धरलं.

पिएदाद भिंतीपासून पुढे आली. "फादर?"

"चल बाय," फादर म्हणाले. "आईच्या बाजूकच."

मंगळवारी संध्याकाळी विहिरीकडे जाताना मिंगेलनी आधारासाठी आग्नेलचा खांदा धरला होता.