डाव्या हातावरचे डाग

लेकीने मोबाइल वकिलांच्या टेबलावर ठेवला आणि फोटो मोठा करून दाखवला. म्हाताऱ्या माणसाचा हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग. काही ताजे, काही करडे पडत चाललेले.

"माझ्या बाबांचा डावा हात," ती म्हणाली. "वहिनी मारते त्यांना. मला पोलिसात तक्रार द्यायची आहे."

वकिलांनी लगेच पेन उघडलं. फोटो पाहून त्यांचं डोकं तापलं होतं. पण त्याच खोलीत पलीकडच्या टेबलाशी बाई बसल्या होत्या. बाई खासगी तपासाची कामं घ्यायच्या. जागा दोघांत मिळून घेतलेली, त्यामुळे वकिलांच्या अशिलांचं बोलणं त्यांच्या कानावर पडायचंच, आणि एकदा पडलं की त्यांना गप्प बसवत नसे.

"उजव्या हाताचं काय?" त्यांनी विचारलं.

उजव्यावरही होते, पण कमी. पाठीवर, दंडावर, पायांवर काहीच नाही. बाई विचारत गेल्या आणि लेक सांगत गेली. बाबा जन्मभर पुस्तकांची बांधणी करत आलेले, अजूनही घरी थोडंफार काम करतात. भाऊ कामानिमित्त सतत बाहेरगावी. घरात वहिनी, आणि दिवसभरासाठी ठेवलेला एक मदतनीस. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही दोष नाही. मध्यंतरी तिने बाबांना चार दिवस स्वतःकडे नेलं, तर हात लालभडक झाले आणि ते रात्रंदिवस खाजवत बसले.

"परत जायच्या धास्तीने," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतात, मला कोणी मारत नाही. तिला घाबरतात हो ते."

बाईंनी वकिलांना पेन बंद करायला सांगितलं. आधी घर बघू, म्हणाल्या.

लेक दोघांना घरी घेऊन गेली तेव्हा बाबा खिडकीजवळ एका पुस्तकाची शिवण घालत बसले होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाशी गुंड्या लावलेल्या. टेबलावर खळीचा डबा, सुया, मेण लावलेला दोरा आणि पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब. उजव्या हातातली सुई इतकी सरळ चालत होती, की वकील पाहतच राहिले. मग भानावर येऊन त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, घरात काही त्रास आहे का?

"वकीलसाहेब, मला कोणी मारत नाही," बाबा म्हणाले. "हे लेकीला सांगून सांगून मी दमलो."

बाईंनी औषधांचं विचारलं. या वयात एकही गोळी घेत नाही, हे बाबांनी जरा छाती काढूनच सांगितलं. मग पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा दाखवायला ते उठले, तशी खुर्ची मागे सरकली. तोल जाणार तोच वकिलांनी त्यांना कोपराखाली धरून सावरलं. बाबा हसले आणि शिकंज्याचं कौतुक सांगू लागले.

सून मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. तक्रार तिने एकच केली: सासऱ्यांच्या सदऱ्याच्या बाह्या आतून तेलकट होतात, डावी जास्त, आणि डाग निघता निघत नाही. मदतनीस मालिश करत असेल असं तिला वाटायचं.

मदतनिसाने कानावर हात ठेवले. तो कामाला लागायच्या आधीपासूनच डाग होते. उलट त्यालाच भीती वाटायची. एकदा बाबांना खरचटलं म्हणून त्याने चिकटपट्टी लावली. काढताना पट्टीबरोबर कातडीच निघाली. तेव्हापासून तो बाबांना हात लावायलाही कचरतो.

"हा काहीतरी लपवतोय," वकील बाईंच्या कानाशी कुजबुजले.

"सकाळी सून होती, आता हा," बाई म्हणाल्या. "चला, सगळ्यांना आत बोलवा."

सगळे जमल्यावर बाईंनी बाबांना डावी बाही वर करायला सांगितली. कोपराखाली अंगठ्याएवढा लालसर जांभळा डाग होता. लेक पुढे झुकली. हा फोटोत नव्हता, ती म्हणाली, आणि तिने वहिनीकडे पाहिलं.

"नव्हताच," बाई म्हणाल्या. "हा वकीलसाहेबांनी केलाय."

वकिलांनी आपल्या हाताकडे पाहिलं. आपण धरलं होतं ते तिथेच. पण किती हलकं धरलं होतं!

"हलकंच धरलंत, मी पाहिलं. मारणारा माणूस पाठीत घालतो, दंड आवळतो. तिथे काहीच नाही. डाग फक्त कोपराखाली, आणि डावीकडे जास्त. कारण लावणारा हात उजवा आहे."

"काय लावणारा?" लेकीने विचारलं.

बाईंनी टेबलावरची चपटी ट्यूब उचलली. वकिलांना इतका वेळ ती चिकटवायच्या डिंकाची वाटली होती.

"ते होय?" बाबा म्हणाले. "खाजेचं मलम आहे. खळीने हात खाजायचे, तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस लावायला दिलं होतं. थांबवलं की खाज परत यायची, मग लावत राहिलो. रिकामी ट्यूब दाखवली की दुकानदार नवी देतो. तुम्ही औषधांचं विचारलंत, मलमाचं कोणी विचारलंच नाही."

बाईंनी ट्यूबवरचं नाव वाचून दाखवलं. जोरकस स्टेरॉइड होतं. थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लावलं तर गुणकारी. पण एकाच जागी वर्षानुवर्षं चोळलं की कातडी झिरझिरीत होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. मग टेबलाची कड लागली तरी आत रक्त पसरतं. रक्त तपासून काही सापडलं नाही, कारण दोष रक्तात नव्हताच. पट्टीबरोबर कातडी निघाली तीही त्यामुळेच, आणि बाह्या तेलकट व्हायच्या त्या मलमाने.

"आणि माझ्याकडे असताना?" लेकीचा आवाज खाली आला होता.

"ट्यूब इथेच राहिली होती ना? लावायचं अचानक थांबलं आणि कातडी पेटली. ती धास्ती नव्हती."

मलम आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं, ते सांगतील तसं कमी करायचं, असं बाईंनी बजावलं. कातडी पहिल्यासारखी होईल का, असं बाबांनी विचारलं. थोडीफार सुधारेल, पूर्ण कदाचित नाही, असं उत्तर त्यांनी लपवाछपवी न करता दिलं.

वकिलांनी बाबांची माफी मागितली. लेक वहिनीसमोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मी..."

"आधी मला विचारायचं होतंत," सून म्हणाली. रागाने नाही, थकून.

बाबांना उठायचं होतं. लेकीचा हात सवयीने त्यांच्या मनगटाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"कसं धरू?" तिने विचारलं.

सुनेने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात आपल्या हातात घेऊन तिने तो बाबांच्या पाठीमागून काखेखाली नेऊन ठेवला, स्वतः दुसऱ्या बाजूला गेली, आणि दोघींनी मिळून त्यांना उभं केलं.