उघडा तळवा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या मावसबहिणीच्या, डॅनिकाच्या बाबतीत खरंच घडलंय. अमेरिकेतल्या मॉन्टानात, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, भर दुपारी तीन वाजता.

डॅनिका तेव्हा कॉलेजात माणसाच्या हाडांचा अभ्यास करत होती. शेवटचं वर्ष. तिच्या विभागात एका बाईची हाडं होती, फार पूर्वी नदीकाठची कबर उकरून आणलेली. ती आता पुरण्यासाठी त्या बाईच्या आदिवासी जमातीला परत द्यायची होती. हाडं मोजून यादीवर सही करायचं काम विश्वासाने डॅनिकाला दिलं होतं.

तिने मोजली. पूर्ण भरली. सही केली.

मग मनगटातलं वाटाण्याएवढं एक हाड खिशात टाकलं.

गुरुवारी परीक्षा होती ना. कापडी पिशवीत हात घालायचा आणि न बघता आतलं हाड ओळखायचं. हे बारकं हाड तिला कधीच ओळखता येत नसे. घरी चाचपून बघू, सकाळी परत ठेवू, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी हाडांच्या पेटीला सील लागलेलं होतं.

सांगितलं असतं तर सील तोडलं असतं. पण कॉलेजातून काढतील, या भीतीने ती मूग गिळून बसली.

परीक्षेत तिची पाळी आली. तिने पिशवीत हात घातला...

हाड नव्हतं.

बोटं लागली. मग तळवा... गार, उघडा, काही मागताना धरतात तसा.

"काय गं, हाडच आहे, चावत नाही," हॅलोरन सर म्हणाले. वर्ग हसला.

ते हाड तिच्या कोटाच्या खिशातच होतं. नुसतं त्या तळव्यावर ठेवायचं होतं. तिने हात ओढून घेतला.

सरांनी पिशवी उलटी केली. प्लास्टिकचं टाचेचं हाड टेबलावर पडलं.

शुक्रवारी पेटी न्यायला जमातीच्या लॉरेन आजी आल्या. त्यांनी यादी वाचलीच नाही.

"पोरी, सगळी आहे ना गं ती?"

"हो, आजी."

"मागाहून काही सापडलं तर फोन कर हं. मी रागावणार नाही." त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

अकरा वर्षं झाली. डॅनिका कडाक्याच्या थंडीतही हातमोजे घालत नाही. पर्समध्ये हात घालत नाही, सगळं टेबलावर ओतते. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी तिला चिडवायचे.

गेल्या महिन्यात तिने ते हाड आणि ती चिठ्ठी माझ्याकडे दिली. "तू कर ना गं फोन. माझ्याच्याने होत नाही."

मी हो म्हटलं. आज करू, उद्या करू.

काल सकाळी किल्ली काढायला मी कोटाच्या खिशात हात घातला...

आणि काढून घेतला.

फोन अजून केलेला नाही. आजी खरंच रागावणार नाहीत, याचीच भीती वाटते.